हवा खाऊन जगणारा उपग्रह : २०० किमीवर हिशेब जुळतो का?

वातचक्र

मधूनमधून बातमी झळकते की अमुक कंपनी हवेवर चालणारा उपग्रह सोडणार. समोरून आदळणारी विरळ हवा गोळा करायची, तिचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) करायचा आणि मागे फेकायचा. टाकीच नाही म्हटल्यावर टाकी संपणार कशी? बातमीत 'अमर्याद आयुष्य' हे शब्द हमखास असतात, आकडे मात्र नसतात. इथे आकडे मांडतो, चुका काढा.

नमुना उपग्रह असा धरू: वस्तुमान २०० किलो, वाऱ्याला तोंड देणारं क्षेत्रफळ ०.५ चौ.मी., त्यातलं ०.४ चौ.मी. इनटेकचं (हवा आत घेणाऱ्या भागाचं) तोंड. उंची २०० किमी, सूर्य ना फार शांत ना फार खवळलेला.

तिथे घनता साधारण २.५×१०^-१० किग्रॅ प्रति घनमीटर. एका घनमीटरमागे सुमारे ७×१०^१५ कण, त्यात निम्म्याहून जास्त सुटे ऑक्सिजन अणू, उरलेले बहुतेक नायट्रोजनचे रेणू. कक्षेतला वेग ७.७८ किमी/सेकंद.

ड्रॅग (हवेची मागे खेचणारी ओढ) = ½ × घनता × वेग² × ड्रॅग गुणांक × क्षेत्रफळ. गुणांक २.२ घेतला तर ८.३ मिलिन्यूटन येतो. दोन शेंगदाण्यांच्या वजनाएवढा, पण अहोरात्र.

आता हवा. ०.४ चौ.मी. तोंडातून सेकंदाला ०.७८ मिलिग्रॅम आत शिरते. त्यातली ४० टक्के थ्रस्टरपर्यंत (ती मागे फेकणाऱ्या इंजिनापर्यंत) पोचली असं मानलं तर ०.३१ मिलिग्रॅम. तेवढ्यावर ८.३ मिलिन्यूटन काढायचे तर ती सरासरी २६.७ किमी/सेकंद वेगाने बाहेर पडली पाहिजे.

गंमत अशी की या वेगाच्या सूत्रात घनता उरतच नाही. ड्रॅगमध्येही घनता, गोळा होणाऱ्या हवेतही घनता. भागाकारात दोन्ही गळतात. उरतो तो ड्रॅग गुणांक, इनटेकचा वाटा आणि गोळा करण्याची कार्यक्षमता. म्हणजे एका उंचीवर वेग पुरला तर सगळीकडे पुरला.

वीज: झोताची शक्ती १११ वॉट. हवेवर थ्रस्टरची एकूण कार्यक्षमता १५ टक्के धरली तर ७४० वॉट. हा आकडा बघून मला तरी हे जमण्यासारखं वाटतं. फोडा.

पाऊणशहाणा

भाबडे प्रश्न. एक, इस्रोने हवा घेणारं इंजिन आधीच उडवलंय ना? दोन, जेट विमानासारखं निमुळतं तोंड देऊन हवा दाबून घेतली तर ४० टक्क्यांवर का अडायचं?

वातचक्र

पहिल्याचं उत्तर: ते स्क्रॅमजेट. २८ ऑगस्ट २०१६ ला साउंडिंग रॉकेटवर बसवून माक ६ ला (ध्वनीच्या सहापट वेगाला) सुमारे ५ सेकंद पेटवलं होतं. त्यात हवेतल्या ऑक्सिजनवर हायड्रोजन जाळतात. इथे काहीच जळत नाही. हवा हे फक्त फेकायचं वजन आहे, ऊर्जा सगळी सौर पॅनेलची. नावापलीकडे दोघांत नातं नाही.

दुसऱ्यासाठी निर्वातराव, या.

निर्वात

आलो. २०० किमीवर एका रेणूला दुसरा रेणू भेटायला सरासरी अडीचशे मीटर जावं लागतं. उपग्रह तीन मीटरचा. म्हणजे इनटेकमध्ये रेणू रेणूवर आपटतच नाहीत, फक्त भिंतीवर आपटतात. 'दाबून घेणं' ही कल्पनाच लागू नाही: शॉकवेव्ह नाही, प्रवाह नाही, नुसता छर्र्यांचा मारा.

निमुळता नरसाळा लावला की छर्रा भिंतीवर आदळतो, बहुतेक वेळा भिंतीचं तापमान घेतो आणि वाट्टेल त्या दिशेला उडतो. बऱ्याचदा आला त्या वाटेने परत. म्हणून इनटेक हा एकेरी दरवाजा म्हणून बनवतात: पुढे मधमाशीच्या पोळ्यासारख्या लांब बारीक नळ्या, मागे मोकळी खोली. समोरून येणारा कण ७.८ किमी/सेकंदाने सरळ नळीतून जातो. मागच्या भिंतीवर आपटून थंड झालेला कण अर्धा किमी/सेकंदाने कुठेही भटकतो, त्याला तीच बारीक नळी सापडून पार होणं अवघड. लांबी व्यासाच्या १० पट असेल तर उलट दिशेने नळीच्या तोंडाशी आलेल्या कणांपैकी ११ टक्केच बाहेर निसटतात. २० पट केली तर ६ टक्के.

मग नळी अजून लांब का नाही? कारण येणारा झोत काटकोनात सरळ नसतो. तिथली हवा ९०० केल्व्हिनच्या आसपास तापलेली, ऑक्सिजन अणूचा आडवा वेग ७०० मीटर/सेकंदाच्या घरात. म्हणजे झोत आपणहून पाच अंश पसरलेला. १० पट लांब नळीचं आरपार दिसण्याचं अर्धकोन पावणेसहा अंश. नळी लांब केली की येणारेही भिंतीला घासतात.

आता मुख्य आकडा. ६० टक्के कण पुढून आत पोचतात असं धरा. थ्रस्टर बंद असेल तर खोलीतली घनता बाहेरच्या सुमारे ३२० पट होते. पण थ्रस्टरने येणाऱ्यातला ४० टक्के हिस्सा ओढला तर मागे परतायला फक्त २० उरतात आणि घनता उतरते १०७ पटीवर. जास्त हवा हवी की जास्त दाब, एक काहीतरी निवडा. लेखांत इनटेकचे दोन्ही कमाल आकडे एकाच वाक्यात लिहिलेले दिसले की समजावं ते वेगवेगळ्या स्थितीतले आहेत.

आरशासारख्या गुळगुळीत भिंती आणि पॅराबोलाचा आकार घेतला तर गणितात ९० टक्क्यांच्या वर गोळा होतं. पण त्यासाठी कण आरशावरून परावर्तन व्हावा तसा उडायला हवा, आणि सुट्या ऑक्सिजनने न्हालेला पृष्ठभाग किती दिवस तसा राहील हा खरा प्रश्न. मँचेस्टर विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या डिस्कव्हरर प्रकल्पाने याच कामासाठी 'सोअर' नावाचा छोटा उपग्रह बनवला. २०२१ मध्ये तो अवकाश स्थानकातून सोडला.

पाऊणशहाणा

छर्र्यांची उपमा आवडली. पण खोलीतली हवा थ्रस्टरमध्ये ढकलतं कोण? पंप आहे का?

निर्वात

पंप नाही, आणि इथेच नवखी डिझाइनं आपटतात. कण आपसूक भटकत थ्रस्टरच्या तोंडाशी गेला तर गेला. वातचक्रांच्या आकड्यांत ४० टक्के हवा थ्रस्टरमध्ये जायची तर त्याचं उघडं तोंड इनटेकच्या २२ टक्के हवं. ०.४ चौ.मी.च्या २२ टक्के म्हणजे ३३ सेंमी व्यास. ७४० वॉटचा नेहमीचा हॉल थ्रस्टर (विद्युत आणि चुंबकी क्षेत्राने आयन फेकणारं इंजिन) तळहातावर मावतो. तो इथे तसाच लावला तर हवा त्याच्या दाराशी रांग लावून पुढच्या नळ्यांतून परत जाईल.

कक्षाधीश

वातचक्र, तुमचा ड्रॅग गुणांक मला मान्य नाही. २.२ हा आखूड डब्याचा आकडा. या उपग्रहाला पॅनेल कुठे बसवणार? वाऱ्याला कडेने धरणार म्हणाल, आणि सगळे तिथेच फसतात. एवढ्या विरळ हवेत वाऱ्याला समांतर पृष्ठभागालाही ओढ लागते, कारण कणांच्या आडव्या वेगामुळे ते पॅनेलवर तिरके टेकत राहतात आणि आपला पुढचा वेग तिथेच टाकून जातात. कक्षेचा वेग हवेच्या कणांच्या स्वतःच्या वेगाच्या नऊपट घेतला तर प्रत्येक बाजूच्या प्रत्येक चौरस मीटरला गुणांक ०.०६३. दोन्ही बाजू धरून ०.१२५.

आता बेरीज करा:
समोरचा भाग: २.२ × ०.५ = १.१
३ मीटर लांब, ०.८ मीटर व्यासाच्या अंगाची बाजू: ७.५ चौ.मी. × ०.०६३ = ०.४७
५ चौ.मी. पंखासारखी पॅनेलं: ०.६३

एकूण २.२. म्हणजे ड्रॅग तुमच्या हिशेबाच्या दुप्पट. हवा तेवढीच, म्हणून बाहेर पडण्याचा वेग दुप्पट, ५३ किमी/सेकंद. शक्ती थ्रस्ट गुणिले वेग, म्हणून चौपट: ३ किलोवॉटच्या आसपास. त्यासाठी आणखी पॅनेलं, त्यांचा आणखी ड्रॅग. २०० किमीवर हे गणित बंदच होत नाही, कुत्रं शेपटीमागे फिरावं तसं फिरत राहतं.

पाच चौ.मी. कुठून आले तेही सांगतो. २०० किमीची सूर्यसमकालिक कक्षा (सूर्याच्या तुलनेत पातळी वर्षभर तशीच ठेवणारी) ९६.३ अंश कलाची. पहाट-संध्याकाळच्या रेषेवर ठेवली तरी वर्षातल्या वाईट काळात सूर्य कक्षेच्या पातळीशी फक्त ६० अंश करतो, आणि इतक्या खाली पृथ्वीची सावली एवढी मोठी की ८८.५ मिनिटांच्या फेरीत जवळपास ३० मिनिटं अंधार. '५०० किमीवर पहाट-संध्याकाळ कक्षेत सावली थोडीच असते' ही सवय इथे चालत नाही. ७४० वॉट अखंड द्यायचे तर उजेडात ११०० वॉटच्या पुढे लागतात, वर कॅमेरा, रेडिओ, दिशा वळवणारी चाकं. तिरक्या उन्हात चौरस मीटरला २६० वॉट हाती येतात. भागाकार तुम्हीच करा.

पाऊणशहाणा

अंधारात थ्रस्टर बंद ठेवला तर? उजेडात जोर लावायचा.

कक्षाधीश

हवा साठवता येत नाही ना. खोलीतला दाब पास्कलच्या हजाराव्या भागाचा, तो टाकीत भरायला पंप लागेल आणि त्या पंपाला वीज. अंधारातली हवा वाया गेली की दोन तृतीयांश वेळात पूर्ण थ्रस्ट काढावा लागतो. वेग दीडपट, उजेडातली शक्ती सव्वादोनपट, सरासरी दीडपट. त्यापेक्षा बॅटरी परवडते: ७४० वॉट अर्धा तास म्हणजे ३७० वॉट-तास दर फेरीला. पाच वर्षांत २९ हजारांवर फेऱ्या, म्हणून दर वेळी क्षमतेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त उपसायचं नाही. १८५० वॉट-तासांची बॅटरी, साधारण १२ किलो. वजन सोसतं, इथे क्षेत्रफळ सोसत नाही.

दुसरी अडचण दिशेची. हवा पृथ्वीबरोबर फिरते, विषुववृत्तावर या उंचीला ४८० मीटर/सेकंद. ध्रुवीय कक्षेत हा आडवा वारा, ३.५ अंशांचा. निर्वातरावांच्या १० पट लांब नळ्या ३.५ अंश तिरक्या झाल्या तर सरळ आरपार जाणारे कण २७ टक्क्यांवर येतात. भिंतीला घासून आत पडणारे वेगळे, पण तोटा मोठाच. म्हणून नाक दर फेरीत वळवावं लागतं: उत्तरेकडे जाताना डावीकडे, दक्षिणेकडे जाताना उजवीकडे, ध्रुवांवर शून्य. ध्रुवीय प्रदेशात चुंबकी वादळात वारा सेकंदाला शेकडो मीटरचा होतो आणि दिशा बदलतो, त्याचं वेळापत्रक नसतं. ते प्रवेगमापकाच्या वाचनावरूनच पकडायचं.

मॅग्नेटवाली

आता थ्रस्टरबद्दल. या धाग्यात अजून कुणी दाबाला हात घातला नाहीये.

आधी गैरसमज: 'हवा हलकी, म्हणून वेग कमी मिळेल.' उलट. ३०० व्होल्टला झेनॉन (अशा थ्रस्टरचा नेहमीचा जड वायू) आयन २१ किमी/सेकंदाने निघतो, नायट्रोजन रेणू ४५ ने, ऑक्सिजन अणू ६० ने. वेग हा प्रश्नच नाही. निम्मीच हवा आयनित झाली तरी वातचक्रांचा मूळ २६.७ भागतो.

प्रश्न आयनित करण्याचा. बाहेर ७×१०^१५, गुणिले १०७, म्हणजे खोलीत ७.५×१०^१७ कण प्रति घनमीटर, दाब ३ मिलिपास्कल. नेहमीच्या हॉल थ्रस्टरच्या वाहिनीत १०^१९ ते १०^२० असतात. नायट्रोजनचा आयनीकरण छेद (इलेक्ट्रॉनला दिसणारं लक्ष्याचं क्षेत्रफळ) फार तर २.५×१०^-२० चौ.मी., सुट्या ऑक्सिजनचा त्याहून कमी, झेनॉनचा त्याच्या दुप्पट. हिशेब करा: या घनतेत इलेक्ट्रॉनला एक नायट्रोजन आयनित करायला सरासरी ५३ मीटर धावायला लागतं. झेनॉनच्या वाहिनीत ०.२ ते २ मीटर. वाहिनी दोन्हीकडे काही सेंटीमीटरचीच. म्हणजे इलेक्ट्रॉनला चुंबकी क्षेत्रात हजारो घिरट्या घालायला लावल्याशिवाय इलाज नाही, आणि प्रत्येक घिरटीत तो भिंतीला चिकटण्याची शक्यता.

शिवाय आयनीकरण ऊर्जा: झेनॉन १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सुटा ऑक्सिजन १३.६, नायट्रोजन रेणू १५.६. त्यात रेणू फुटण्यात, थरथरण्यात जी ऊर्जा जाते तिचा थ्रस्टला उपयोग नाही. म्हणून १५ टक्के कार्यक्षमता हा आकडा मला उदार वाटतो. १० धरून चाला.

यावर दोन वाटा. एक, आयनीकरण आणि प्रवेग वेगळे करणं: दोन टप्प्यांचा हॉल, किंवा २.४५ गिगाहर्ट्झ सूक्ष्मलहरी आणि ८७५ गाउस क्षेत्र वापरून अनुनादाने इलेक्ट्रॉन तापवणं. हे कमी दाबाला पेटतं. जपानच्या एबीआय‌ई या हवा घेणाऱ्या आयन इंजिनाच्या संकल्पनेत हेच होतं. दुसरी वाट इलेक्ट्रोडच काढून टाकण्याची: बाहेरून रेडिओ अँटेना, आत हेलिकॉन लहर (प्लाझ्मा तापवणारी रेडिओ लहर). स्टुटगार्ट विद्यापीठाच्या अवकाश संस्थेचा थ्रस्टर पिंजऱ्यासारखी अँटेना वापरून ४०.६८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्यातून आयन आणि इलेक्ट्रॉन बरोबरच बाहेर पडतात, झोतात इलेक्ट्रॉन सोडणारा वेगळा कॅथोड नको.

हा कॅथोड नको असणं किती मोलाचं ते बघा. हॉल आणि ग्रिडवाल्या दोन्ही थ्रस्टरना झोत उदासीन करायला पोकळ कॅथोड लागतो. त्यातला बेरियमवाला भाग ऑक्सिजनने विषबाधा झाल्यासारखा मरतो. लँथॅनम हेक्साबोराइड जास्त सहन करतं, तरी शुद्ध वायूच मागतं. मग लोक म्हणतात, कॅथोडपुरता थोडा झेनॉन नेऊ. थोडा म्हणजे सेकंदाला ०.२ मिलिग्रॅम. पाच वर्षांचे सेकंद १५.८ कोटी. गुणाकार: ३१ किलोच्या वर.

वातचक्र

३१ किलो! युरोपच्या गुरुत्व मोजणाऱ्या गोचे उपग्रहाने सगळा थ्रस्टच ४० किलो झेनॉनवर काढला होता. (उच्चार गोचे, गोची नव्हे.) मार्च २००९ ला उडाला, आधी २५५ किमीच्या आसपास, शेवटी २२४ किमीवर. साडेचार वर्षं टिकला, २१ ऑक्टोबर २०१३ ला झेनॉन संपला आणि ११ नोव्हेंबरला फॉकलंड बेटांजवळ जळून पडला. म्हणजे चुकीचा कॅथोड लावला तर टाकी घेऊन जाणाऱ्या साध्या उपग्रहापेक्षा फार काही वाचत नाही.

कक्षाधीशांची ड्रॅगची दुरुस्तीही मान्य. बाजूचा ड्रॅग मी सरळ गिळला होता.

गंजनिवारक

तुम्ही सगळे सुट्या ऑक्सिजनला वजन म्हणून मोजताय, तो आम्ल म्हणून मोजा. समोरच्या पृष्ठभागावर सेकंदाला चौ.सेंमीमागे ३×१०^१५ अणू, प्रत्येक ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. कॅप्टॉनची (उपग्रहाच्या सोनेरी वेष्टणाच्या प्लास्टिकची) झीज दर अणूमागे ३×१०^-२४ घनसेंमी. म्हणजे रोज ८ मायक्रॉन. २५ मायक्रॉनचं सोनेरी वेष्टण समोर लावलंत तर चौथ्या दिवशी खाली काय होतं ते दिसेल.

कार्बन तंतूचं पोळं हलकं आणि ताठ म्हणून मोह होतो, पण कार्बनही झिजून वायू होतो. आयन ग्रिड ग्रॅफाइटच्या असतात, त्याही गेल्या. मॉलिब्डेनम घेतलं तर तापल्यावर त्याचा ऑक्साइड उडतो. पॅनेलच्या पेशी जोडणाऱ्या चांदीच्या पट्ट्या काळ्या पडून पापुद्रे सुटतात. त्यांवर काच पेशीच्या कडेबाहेर आलेली हवी, चिकटपट्टी उघडी नको. चालतं काय: अॅल्युमिनाचा किंवा सिलिकाचा थर, बोरॉन नायट्राइडची वाहिनी. थराला टाचणीएवढं भोक असलं तरी त्याखाली पोकळी पोखरली जाते, वरून काही दिसत नाही. म्हणून थर दिल्यावर घडी घालायची नाही, बोटाने दाबायचं नाही.

जपानच्या त्सुबामे (म्हणजे भिंगरी पक्षी) उपग्रहावर हे मोजायला साहित्याचे नमुने लावले होते. तो २०१९ मध्ये सात दिवस १६७.४ किमीवर राहिला. थ्रस्ट अर्थात टाकीतल्या झेनॉनचा आणि वायूफवाऱ्यांचा होता, हवेचा नव्हे. बातम्यांत हा फरक गायब असतो.

पाऊणशहाणा

मग खरोखर हवा घेऊन चाललंय तरी काय?

मॅग्नेटवाली

जमिनीवर. युरोपीय अवकाश संस्थेने मार्च २०१८ मध्ये जाहीर केलेली इटलीच्या सिटाएलमधली चाचणी सगळ्यांना माहीत आहे: इनटेक पोलंडच्या क्विंटसायन्सचं, मागे दोन टप्प्यांचा हॉल, २०० किमीची परिस्थिती. आधी झेनॉनवर पेटवला, मग झेनॉन कमी करत नायट्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण, शेवटी नुसतं मिश्रण. झोत निळ्याचा जांभळा झाला. हवेवर पेटतो आणि पुन्हा पुन्हा पेटतो, एवढं त्यातून कळलं. पेटणं आणि ड्रॅगला पुरून उरणं यात अंतर आहे.

अमेरिकेत डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचा 'ऑटर' कार्यक्रम आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने २०२४ मध्ये २०० किमीच्या आसपासचा 'प्रोजेक्ट २००' जाहीर केला. त्याच कंपनीच्या हॉल थ्रस्टरसाठीचा हीटरशिवायचा कॅथोड जानेवारी २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-३ वर, तपासला गेला.

निर्वात

जमिनीवरच्या चाचणीचे आकडे वाचताना चेंबरचा दाब आधी बघत जा. २०० किमीची घनता खोलीच्या तापमानाला मांडली तर ३×१०^-७ मिलिबार येते. थ्रस्टर चालू असताना चांगल्या चेंबरमध्ये १०^-५ मिलिबार. तीस-चाळीसपट जास्त. थ्रस्टर मागच्या तोंडातून चेंबरची हवा खातो आणि थ्रस्ट फुगून दिसतो. मोजायचं कसं: तोच थ्रस्टर तीन वेगवेगळ्या पार्श्वदाबांवर चालवा, थ्रस्टची रेघ शून्य दाबाकडे वाढवा. एकाच दाबाचा आकडा घेऊन कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.

०.३१ मिलिग्रॅम/सेकंद एवढा नायट्रोजन उपसत १०^-५ मिलिबार टिकवायला सेकंदाला २७ हजार लिटर उपसा लागतो. झेनॉनसाठी बनवलेली थंड पॅनेलं ५० केल्व्हिनला झेनॉन गोठवतात. नायट्रोजनला त्यांचा पत्ता लागत नाही, २० च्या आसपास उतरावं लागतं. जी प्रयोगशाळा 'आमच्याकडे झेनॉनचं मोठं चेंबर आहेच' म्हणते तिला हा झटका पहिल्या दिवशी बसतो.

ऑक्सिजनबाबत दोन गोष्टी जिवावरच्या. मागच्या पंपात साधं खनिज तेल असेल आणि ऑक्सिजनचं प्रमाण हवेपेक्षा वाढलं तर तेल पेटू शकतं, तिथे फ्लोरिनवालं तेल किंवा कोरडा पंप. आणि प्लाझ्मातून ओझोन बनतो, तो क्रायोपंपात गोठून साठतो. तापवून पंप मोकळा करताना हा ओझोन स्फोट करू शकतो. ऑक्सिजन चालवलात की क्रायोपंप रोजच्या रोज, सावकाश, भरपूर कोरडा नायट्रोजन सोडत मोकळा करा. आठवडाभराचं साचू देऊ नका.

पाऊणशहाणा

समजा सगळं जमलं आणि सौर वादळ आलं. हवा दाट झाली तर प्रोपेलंटही (फेकायचं वजन) वाढलं, मग काळजी कसली? वेगाच्या सूत्रात घनता नाही हे वातचक्रच म्हणालेत.

वातचक्र

वेगाच्या सूत्रात नाही, पण शक्तीच्या सूत्रात आहे. घनता दीडपट झाली की ड्रॅग दीडपट, वेग तोच, वीज दीडपट. पॅनेलं वादळाला बघून वाढत नाहीत. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेले ४९ स्टारलिंक आठवा: २१० किमीवर होते, ड्रॅग आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांनी चढला आणि ३८ वातावरणात शिरून जळाले. हवा घेणाऱ्या उपग्रहाला त्या दिवशी हवा मुबलक मिळाली असती आणि वीज कमी पडली असती.

सगळ्यांच्या दुरुस्त्या घेऊन हिशेब पुन्हा मांडतो. उंची २५० किमी, घनता तिथे साधारण चौथा हिस्सा, ६.५×१०^-११. पंख ५ वरून २ चौ.मी., उरलेल्या पेशी अंगावरच, जिथला ड्रॅग तसाही भरायचाय. ड्रॅग गुणांक गुणिले क्षेत्रफळ १.८. ड्रॅग ३.६ मिलिन्यूटन. इनटेक ४० टक्क्यांवर ठेवलं तर लागणारा वेग ४४ किमी/सेकंद, १० टक्के कार्यक्षमतेने ७८५ वॉट, सावली धरून उजेडात ११९०. पॅनेलं देतात ११४४. बाकीच्या उपग्रहाला आधीच उणे.

इनटेक ५० टक्के केलं तर थ्रस्टरला ६३० वॉट, उजेडात ९५०, अधिक बाकीच्या उपग्रहाचे १८०. एकूण ११३०. चौदा वॉट उरतात!

मॅग्नेटवाली

आणि २५० किमीवर खोलीतली घनता २×१०^१७. ते ५३ मीटर आता २०० मीटर झाले. १० टक्के कुठून आणणार? इनटेक ५० टक्के केलं की दाब आणखी पडतो, वर निर्वातराव म्हणालेच.

वातचक्र

बरोबर. खाली वीज पुरत नाही, वर थ्रस्टर पेटत नाही. मधली जी फट उरते ती माझ्या मते २२० ते २४० किमी, आणि तीही इनटेक आणि कॅथोडविरहित थ्रस्टर दोन्ही आजच्यापेक्षा चांगले निघाले तर. २०० हा आकडा जाहिरातीला गोल दिसतो म्हणून असतो.

कक्षाधीश

फट तेवढीच असेल तर उतरायचं कसं तेही ठरलेलं हवं. मी असं करेन:

३०० किमीच्या वर, झेनॉनच्या छोट्या टाकीवर सुरुवात. पाचेक किलो, त्यातला निम्मा कधीच वापरायचा नाही.

आधी प्रवेगमापकाचा शून्यदोष काढायचा, थ्रस्टर बंद ठेवून, दोन पूर्ण फेऱ्या. हा चुकला की पुढचं सगळं चुकलं.

मग दर वेळी १० किमी खाली. प्रत्येक पायरीला निदान पाच दिवस, म्हणजे कक्षेच्या सगळ्या अक्षांशांवरचा घनतेचा फरक हाती येतो. खोलीतला दाब आणि प्रवेगमापकाचा ड्रॅग यांचं गुणोत्तर लिहून ठेवायचं. पायरीगणिक ते स्थिर राहायला हवं. घसरलं तर दोनच कारणं: नाक वाऱ्यात नाही, किंवा इनटेकच्या भिंती बदलल्या. नाक दोन अंश इकडेतिकडे हलवून बघितलं की कुठलं ते कळतं.

हवेवर पहिल्यांदा पेटवायचं ते झेनॉन मिसळून, आणि हळूहळू झेनॉन बंद करायचा.

सर्वांत महत्त्वाचं, सेफ मोड (बिघाड झाल्यावर उपग्रह आपणहून घेतो ती बचावाची स्थिती). २५० किमीवर थ्रस्ट गेला तर हा उपग्रह दिवसाला अडीच किमी उतरतो, पंधरवडा हातात आहे. २०० वर दिवसाला सुमारे १० किमी, तिथे आठवडाही नाही. नेहमीचा सेफ मोड पॅनेलं सूर्याकडे वळवून गप्प बसतो. इथे तसं केलं की पंख वाऱ्याला आडवे आणि ड्रॅग दुप्पट. म्हणून सेफ मोडमध्ये नाक वाऱ्यातच राहिलं पाहिजे आणि झेनॉनचा झडप-आदेश जमिनीची वाट न बघता सुटला पाहिजे.

गंजनिवारक

त्या झडपेला रबरी सील लावू नका म्हणजे झालं.

निर्वात

अवांतर: मंगळाच्या वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडवर हॉल थ्रस्टर चालवायचा विचार अमेरिकेत बुसेक कंपनीने मांडला होता. तिथे कक्षेचा वेग साडेतीन किमी/सेकंद, आणि वरच्या सूत्रात लागणारा वेग कक्षेच्या वेगाच्या पटीत आहे. ऊन मात्र पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. कक्षाधीश, हा हिशेब मांडता का? वेगळ्या धाग्यात.